महाडचं पाणी आणि शेततळ्यात बुडणारी आपली पोरं

पोलीस ठाण्यात 'अकस्मात मृत्यू' नावाची एक नोंद होते. मागच्या ऑगस्टमध्ये आमच्या तालुक्यातल्या एका वस्तीवरचा सहा वर्षांचा मुलगा आणि त्याची चार वर्षांची बहीण शेततळ्यात बुडून मेली, तेव्हा त्यांचीही हीच नोंद झाली. आई दुसऱ्याच्या कापसात खुरपायला गेलेली. बाप मोसंबीच्या बागेत फवारणीला. तळं त्याच बागेच्या मालकाचं. कुंपण नाही, दोर नाही. पंचनाम्यात लिहिलं गेलं, 'खेळता खेळता पाय घसरून'. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या आणि मथळ्यात 'दुर्दैवी' हा शब्द होता.

मी तिसऱ्या दिवशी भेटायला गेले. ओसरीवर बसलेल्या माणसांच्या तोंडून तासाभरात दोन वाक्यं ऐकली. पहिलं, 'आईचं ध्यान नव्हतं.' दुसरं, जरा आवाज खाली करून, 'आसरांनी ओढून नेलं.' तिसरं वाक्य मला तिथे नाही, आठवड्याने आपल्याच कार्यकर्त्यांच्या बैठकीत ऐकायला मिळालं. मी हा विषय काढला तर एक ज्येष्ठ साथी म्हणाले, "ताई, हे एनजीओचं काम आहे. चळवळीचं नाही."

या तिन्ही वाक्यांशी मला भांडायचं आहे. सगळ्यात जास्त तिसऱ्याशी.

आईचं ध्यान नव्हतं, हे खरंच आहे. तिचं ध्यान कापसाच्या सरीत होतं, कारण तिथे नसतं तर संध्याकाळची चूल पेटली नसती. ज्या बाईला सकाळी आठला दुसऱ्याच्या शेतात उभं राहावं लागतं, तिच्या लेकरांवर दुपारी बारा वाजता कुणी लक्ष ठेवायचं, हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं, की एकाच गोष्टीने हजारो घरं उद्ध्वस्त होत असतील तर त्याला त्या घरांचा दोष म्हणायचं नाही, समाजाच्या रचनेत कारण शोधायचं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात भारतात ३८ हजारांहून अधिक माणसं बुडून मेली. दिवसाला शंभराहून जास्त. एवढ्या सगळ्यांच्या घरच्यांचं ध्यान नव्हतं, असं म्हणणार आहात का?

यातल्या किती जणांना जमीन होती, किती जण मजूर होते, किती जण कोणत्या जातीचे होते, ते मी सांगू शकत नाही. त्या अहवालात वय आहे, लिंग आहे, राज्य आहे, जात नाही. अत्याचाराचे गुन्हे जातीनुसार मोजले जातात, अपघात मोजले जात नाहीत. अपघाताला जात नसते असं सरकारने गृहीत धरलं आहे. मला ते मान्य नाही.

कारण पाण्याजवळ कोण राहतं ते बघा. वीटभट्टीच्या खड्ड्याशेजारी कुणाचं खोपटं आहे? उसाच्या फडाला लागून कोपी टाकतात, तिच्यापासून बिनकठड्याची विहीर किती पावलांवर असते? गोदावरीच्या पात्रातून वाळू उपसून नेल्यावर मागे जे खोल खड्डे राहतात, त्यांच्या काठावर कुणाची वस्ती आहे? मे २०२२ मध्ये डोंबिवलीजवळच्या संदप गावात दगडखाणीच्या पाण्यात एकाच कुटुंबातले पाच जण बुडाले. ते सहलीला गेले नव्हते. नळाला पाणी नाही म्हणून तिथे कपडे धुवायला गेले होते. मुंबईच्या इतक्या जवळ!

आणि शेततळं. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. त्यातलं मोठ्यात मोठं माप ३० मीटर बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, म्हणजे दहा फूट. कोरडवाहू शेतकऱ्याला त्याची गरज आहे, मी शेततळ्याच्या विरोधात नाही. पण तळ्याच्या उतरत्या बाजूंवर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर पाणी आलं, शेवाळ धरलं, की तो साबणासारखा गुळगुळीत होतो. पोहता येणारा जवान गडीसुद्धा हाताला धरायला काही नसेल तर वर येऊ शकत नाही. नदीला काठ असतो, विहिरीला निदान एखादी कपार किंवा मोटरचा पाइप असतो, शेततळ्याला फक्त उतार असतो. हे ज्याने आराखडा केला त्याला कळत नव्हतं का? गाठी मारलेला एक जाड दोर दोन्ही काठांना बांधून पाण्यात सोडायचा, चारही बाजूंनी जुन्या टायरची शिडी लावायची, भोवती जाळी मारायची. तळं खोदायला आणि कागद टाकायला जेवढा खर्च येतो, त्याच्यापुढे हे काहीच नाही. मोजमाप घेतल्याशिवाय अनुदान निघत नाही, मग दोर आणि जाळी बघितल्याशिवायही ते निघू नये, एवढी साधी अट घालायची आहे. मालकाची पोरंही त्याच तळ्यात बुडतात, म्हणून ही मागणी फक्त आपली राहण्याचं कारण नाही. पण मरणानंतर काय होतं ते मालकाचं आणि मजुराचं वेगळं असतं.

ते असं. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना आहे, २ लाख रुपये मिळतात, बुडून झालेला मृत्यूही त्यात धरतात. अट काय? सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी किंवा त्याच्या घरातला एक जण, वय १० ते ७५. म्हणजे ज्या बाईच्या नावावर गुंठाभर जमीन नाही आणि जिचं लेकरू चार वर्षांचं आहे, ती दोन्हीकडून बाहेर. शाळकरी मुलांसाठी वेगळी अनुदान योजना आहे, ती पहिली ते बारावीसाठी. चार वर्षांच्या मुलीचं नाव पहिलीच्या पटावर कसं असेल? आमच्या त्या वस्तीत मुलाचे कागद आम्ही केले. मुलीसाठी करायला कागदच नव्हता.

आता दुसरं वाक्य. आसरा. मराठवाड्यात वाढलेल्या कुणालाही हे सांगायला नको. विहिरीजवळ, डोहाजवळ शेंदूर फासलेले सात दगड असतात, आणि त्या साती आसरा माणसं ओढून नेतात असं म्हणतात. दर काही वर्षांनी पाणी बळी मागतं म्हणतात. ज्या ओसरीवर मी हे ऐकलं, तिथे भिंतीवर बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो होता. १९५६ला बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या घरात, सत्तर वर्षांनी, मेलेल्या लेकराचं कारण म्हणून आसरा सांगितल्या जातात! मला त्या म्हातारीचा राग आला नाही. दुःखात माणूस हाताला येईल ते धरतो. मला राग आला तो या गोष्टीचा, की आसरांची गोष्ट मालकाला फार सोयीची आहे. आसरांनी नेलं म्हटलं की कुंपणाचा विषय संपला. तथागतांनी सांगितलेला प्रतीत्यसमुत्पाद आपण परित्राण पाठाच्या वेळी ऐकतो: हे असेल तर ते होतं, हे नसेल तर ते होत नाही. उघडं तळं असेल, वर यायला दोर नसेल आणि पोरांजवळ मोठं माणूस नसेल, तर मरण होतं. यातलं एक जरी बदललं तरी होत नाही.

पोहण्याचा मुद्दा मात्र सविस्तर मांडायला हवा, कारण त्यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही.

मराठीतलं ललित वाङ्मय काढून बघा. मामाचं गाव, मे महिन्याची सुट्टी, विहीर, कमरेला बांधलेला वाळका भोपळा, काकाने वरून ढकलून दिलं, पहिला मुटका. शाळेत असताना असे धडे वाचून मलाही वाटायचं की पोहणं म्हणजे बालपण. पुढे कळलं की ती विहीर कुणाच्या तरी सातबाऱ्यावर होती. पोहायला यायचं तर घरची विहीर लागते, नाहीतर विहिरीवरून कुणी हाकलणार नाही एवढी पत लागते. आपल्या आज्यांना त्या विहिरीवर घागर भरायला मनाई होती, उडी मारणं तर दूरच. आज्याला आलं नाही ते बापाला आलं नाही, बापाला आलं नाही ते पोराला कोण शिकवणार? ज्यांना पाणी कळतं ते भोई आणि कोळी, आणि तेही जातीने लादलेल्या धंद्यामुळे. म्हणून तर प्रेत काढायचं झालं की तहसीलदार त्यांनाच शोधत येतो.

आणि हे जुनं झालं असं म्हणू नका. जून २०१८. जळगाव जिल्हा, जामनेर तालुका, वाकडी गाव. मातंग समाजातली दोन पोरं एका विहिरीत पोहली म्हणून त्यांना नागडं करून पट्ट्याने मारलं, गावातून फिरवलं, त्याचा व्हिडिओ सगळ्या देशाने बघितला. ज्याची विहीर होती तो कुणी मोठा जमीनदार वगैरे नव्हता, भटक्या जमातीतला होता असं तेव्हा बातम्यांत आलं, आणि काही लोकांना त्यामुळे हायसं वाटलं की हा जातीचा प्रश्न नाही. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता हा शब्द कशासाठी वापरला होता, ते अशा लोकांनी पुन्हा वाचावं.

वाकडीच्या पोरांना मार बसला, ती जगली. पण त्या व्हिडिओने लाखो पोरांना जे शिकवलं ते असं, की जिथे कुणी बघतं तिथे पोहायचं नाही. मग पोरं जातात कुठे? जिथे कुणी बघत नाही तिथे. बंद पडलेल्या खाणीत, वाळूच्या खड्ड्यात, रानातल्या तळ्यावर, भर दुपारी, जेव्हा मालक जेवून झोपलेला असतो. बुडाल्यावर हाक मारली तरी ऐकायला माणूस नसतो, कारण माणूस नाही म्हणून तर ते तिथे गेलेले असतात. उथळ आणि माणसांच्या नजरेतलं पाणी जातीने बंद केलं, की खोल आणि एकाकी पाणी तेवढं उरतं.

अमेरिकेत हेच घडलं आहे. २७ जुलै १९१९ला शिकागोमध्ये यूजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मिशिगन सरोवरात तराफ्यावर तरंगत गोऱ्यांच्या बाजूला गेला. पाण्यात रेघ मारलेली नव्हती, पण ती सगळ्यांना माहीत होती. किनाऱ्यावरून दगड आले, तो बुडाला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसं मेली. पुढे कित्येक वर्षं तिथले जलतरण तलाव कृष्णवर्णीयांना बंद राहिले. कायदा बदलला, तलाव उघडले, पण आजही तिथे तलावात बुडून मरणाऱ्या १० ते १४ वर्षांच्या मुलांत कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या सातपटीहून जास्त आहे. दरवाजा उघडला म्हणजे पोहता येत नाही. मधल्या पिढ्यांचं नुकसान पुढच्या पोरांच्या अंगात उतरतं.

मुलींचं तर बोलायलाच नको. पाणी आणायचं, धुणं धुवायचं, गुरं धुवायची, म्हणजे पाण्याशी सगळ्यात जास्त संबंध मुलींचा, आणि पोहायला शिकवायचं झालंच तर मुलाला. मी चाळिशीकडे चालले आहे, मला पोहता येत नाही. त्या दिवशी मी तळ्याच्या काठावर असते तर मी काय केलं असतं, याचं उत्तर मला फार दिवस छळत होतं.

तर आता आपल्या ज्येष्ठ साथींना उत्तर. हे एनजीओचं काम आहे म्हणता. मग महाडला काय झालं होतं? बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ला मंजूर झाला. महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव १९२४ला केला. कागदावर हक्क आलेला होता. तरीही २० मार्च १९२७ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन त्या पायऱ्या उतराव्या लागल्या, कारण कागद तहान भागवत नाही. उच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल यायला १९३७ उजाडलं. तेव्हाच्या शहाण्यांनीही म्हटलंच असेल, की पाणी पिणं हा काय राजकारणाचा विषय आहे?

आज काय आहे? जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात वर्षाला सुमारे तीन लाख माणसं बुडून मरतात, त्यातली दहात नऊ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, आणि जवळजवळ पाव हिस्सा पाच वर्षांखालची लेकरं. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ साली ठराव करून २५ जुलै हा बुडणं रोखण्याचा दिवस ठरवला. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२३मध्ये या विषयावर राष्ट्रीय धोरणाची चौकट प्रसिद्ध केली. बोले ठरावानंतर बरोबर शंभर वर्षांनी पुन्हा एक कागद. आपल्या तालुक्यात तो कागद कुणी पाहिला आहे का, हे गटविकास अधिकाऱ्यांना विचारून बघा. मी विचारलं. त्यांनी मला मान्सूनपूर्व तयारीची फाइल दाखवली, त्यात बोट आणि लाइफ जॅकेट होती. पुरात लोकांना काढायची तयारी होती. रोजच्या दुपारी शेततळ्यात जाणाऱ्या लेकराची नव्हती.

काय करता येतं हे शेजारच्या बांगलादेशाने दाखवलं आहे. तिथे लहान मुलं कधी बुडतात ते त्यांनी मोजलं. सकाळी नऊ ते दुपारी एक, आई कामात असताना, घरापासून हाकेच्या अंतरावर. मग त्यांनी गावातल्याच बायांना शिकवून त्या चार तासांसाठी मुलं सांभाळणारी केंद्रं काढली, नाव ठेवलं 'आंचल', पदर. मोठ्या मुलांना गावच्या तळ्यातच बांबूची चौकट टाकून पोहायला शिकवलं. मरण इतकं कमी झालं की २०२२ला सरकारने स्वतः १६ जिल्ह्यांत ८ हजार केंद्रांची योजना मंजूर केली. आपल्यापेक्षा श्रीमंत देश नाही तो.

आपल्याकडे २००५च्या रोजगार हमी कायद्यात लिहिलं होतं, की कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन बसवायचं. तुम्ही किती कामांवर अशी बाई बघितली? अंगणवाडी तीन वर्षांपुढच्यांसाठी भरते, आणि बऱ्याच ठिकाणी गावात भरते, वस्तीपासून रस्ता आणि ओढा ओलांडून पलीकडे.

इथे मला आपल्या विहारांबद्दल बोलायचं आहे. राग येणार असेल तर येऊ द्या. आपल्या जवळजवळ प्रत्येक वस्तीत विहार आहे. लोकांनी वर्गणी काढून, स्वतः विटा वाहून बांधलेला. तो पौर्णिमेला उघडतो, जयंतीला उघडतो, बाकी दिवस त्याला कुलूप. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने वर्षावास असतो, संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन होतं. फार चांगलं आहे. पण नेमके तेच तीन महिने निंदणी-खुरपणीचे असतात, आणि तळी भरण्याचेही. सकाळी आया शेतात, पोरं उघड्यावर, आणि सावलीची, फरशीची, दार असलेली एकमेव जागा कुलूपबंद. वस्तीतल्या दोन म्हाताऱ्या आयांना मानधन देऊन ते दार नऊ ते एक उघडं ठेवता येत नाही? जयंतीच्या डीजेवर टीका करणं सोपं आहे, मी त्यात पडत नाही, पोरांनी नाचावं. मला विहाराची किल्ली हवी आहे.

आमच्या त्या वस्तीत आम्ही ती मागितली. पहिल्यांदा विहार समितीने नाही म्हटलं, पोरं घाण करतील म्हणून. घाण करतील! हा शब्द आपल्या तोंडी आला आणि कुणाची मान खाली गेली नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. चवदार तळं बाटलं म्हणून त्यात दूध-दही-गोमूत्र ओतणाऱ्यांचा शब्द आहे तो. तिसऱ्या बैठकीत उपासिका संघाच्या बाया एकत्र आल्या आणि किल्ली मिळाली. मागच्या वर्षी सप्टेंबरपासून तिथे चौदा मुलं बसतात.

पोहण्याचं यंदा उन्हाळ्यात सुरू केलं, शेजारच्या गावातल्या एका निवृत्त शिक्षकांच्या विहिरीवर. नऊ मुली, पाच मुलं, आणि मी. भोई समाजातले एक काका शिकवतात, पाठीला वीस लिटरचा रिकामा कॅन बांधून. पहिल्या आठवड्यात त्यांनी हातपाय मारायला शिकवलंच नाही, फक्त पाठीवर तरंगायला शिकवलं. दुसरी गोष्ट शिकवली ती उडी न मारण्याची. बुडणाऱ्याच्या मागे भाऊ उडी मारतो, त्याच्या मागे आई, आणि एकाच्या जागी तीन प्रेतं निघतात. आधी ओरडायचं, मग दोर, साडी, काठी, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाताला येईल ते फेकायचं. बाहेर काढल्यावर उलटं टांगायचं नाही, पोट दाबायचं नाही, आणि व्हॉट्सअॅपवर फिरतं तसं मिठात तर मुळीच पुरायचं नाही. श्वास चालू नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची, तीस दाब आणि दोन श्वास, आणि तोवर दुसऱ्याने १०८ला फोन लावायचा. आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर येऊन हे करून दाखवतात, नुसतं निवेदन द्यावं लागतं.

पुढच्या मार्चमध्ये महाडची शंभर वर्षं पुरी होतात. गाड्या भरून जाऊ, मीही जाणार आहे. त्याआधी ग्रामसभा आहेत. ठराव मांडायला जाताना हात हलवत जाऊ नका. गावातली प्रत्येक उघडी विहीर, खदान आणि शेततळं वहीत लिहून न्या: गट नंबर, वस्तीपासून किती पावलं, शाळेच्या वाटेवर आहे का, कुंपण आणि दोर आहे की नाही. आमच्या गावाची यादी एकवीस ठिकाणांची झाली. त्यात कठडा असलेल्या विहिरी दोन, आणि दोर असलेलं शेततळं एकही नाही. तोंडी बोललेलं इतिवृत्तात येत नाही, म्हणून अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही-शिक्का घेऊनच उठा.